यकृतातील गाठ वेळेत सापडावी यासाठी सोनोग्राफी कशी वापरावी

यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. ती जाणवते ती यकृताच्या बाहेरच्या पातळ आवरणाला ताण बसल्यावर. त्यामुळे दोन सेंटिमीटरची गाठ उजव्या बरगड्यांमागे महिनोन्महिने वाढत राहिली तरी माणूस नेहमीसारखा जेवतो, झोपतो, कामावर जातो आणि आपल्याला काही झाले आहे अशी शंकाही त्याला येत नाही. पोटात दुखणे, वजन उतरणे, कावीळ होणे, पोटात पाणी भरणे अशी लक्षणे दिसू लागतात तोपर्यंत गाठ समूळ काढण्याची संधी बहुधा हातची गेलेली असते. म्हणून ज्यांना अशा गाठीचा धोका अधिक आहे त्यांच्यात ती लक्षणांची वाट न पाहता शोधावी लागते. या कामासाठी किरणोत्सर्ग नसलेले, तुलनेने स्वस्त आणि तालुक्याच्या गावीही मिळणारे साधन म्हणजे सोनोग्राफी.

हे मार्गदर्शन रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि त्यांना तपासणीला पाठवणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. यकृताच्या बाबतीत सोनोग्राफीचे बळ एखाद्या सुट्या तपासणीत नसून तपासण्यांच्या मालिकेत आहे, आणि त्या मालिकेतही प्रत्येक वेळी संपूर्ण यकृत पाहिले गेले का आणि जे दिसले नाही ते रिपोर्टमध्ये लिहिले गेले का, यावर सगळे अवलंबून आहे.

तपासणी कोणी करून घ्यावी

यकृतातच सुरू होणारा सर्वांत नेहमीचा कर्करोग, ज्याला डॉक्टर एचसीसी म्हणतात, तो बहुतेक वेळा आधीपासून खराब झालेल्या यकृतात होतो. दारूमुळे, हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे, अथवा मधुमेह आणि लठ्ठपणाच्या जोडीने येणाऱ्या फॅटी लिव्हरमुळे यकृतात व्रणांचे जाळे तयार होऊन ते कडक आणि गाठीगाठीचे झाले, म्हणजेच सिऱ्होसिस झाला, की कारण कोणतेही असो, त्या व्यक्तीने नियमित तपासणी सुरू करावी. हिपॅटायटिस बीची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा विषाणू आपला जनुकीय अंश यकृताच्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसवू शकतो आणि त्यामुळे सिऱ्होसिस झालेला नसतानाही कर्करोग होऊ शकतो. म्हणून हिपॅटायटिस बीची दीर्घकाळ लागण असलेले चाळिशीपुढचे पुरुष, पन्नाशीपुढच्या स्त्रिया, आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना यकृताचा कर्करोग झाला आहे अशा व्यक्ती यांनीही, यकृत वरवर चांगले असले तरी, ही तपासणी करत राहावी.

हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना हे विशेष आवर्जून सांगावे लागते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या आजाराच्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात आणि साधारण तीन महिन्यांच्या उपचाराने बहुसंख्य रुग्णांच्या रक्तातून विषाणू नाहीसा होतो. परंतु विषाणू गेला म्हणजे यकृतातले व्रण गेले असे होत नाही. उपचारापूर्वी सिऱ्होसिस झालेला असेल तर गाठीचा धोका कमी होतो, संपत नाही. ‘आता मी बरा झालो’ म्हणून तपासणी सोडून दिलेल्या अशा माणसाचेच पुढे सर्वाधिक नुकसान होते.

याउलट, यकृताचा कोणताही आजार नसलेल्या निरोगी माणसाने केवळ कर्करोगाच्या भीतीने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेण्यात लाभ नाही. त्यातून निरुपद्रवी गाठी सापडतात, पुढच्या तपासण्यांचा खर्च होतो आणि घरभर काळजी पसरते. तसेच ज्या रुग्णाचे यकृत इतके निकामी झाले आहे की गाठ सापडली तरी तिच्यावर कोणताही उपचार झेपणार नाही आणि यकृत प्रत्यारोपणही शक्य नाही, त्याला या तपासणीसाठी वारंवार केंद्रावर नेणे म्हणजे निव्वळ त्रास देणे आहे. हा निर्णय अवघड असतो, पण तो डॉक्टरांनी नातेवाइकांशी मोकळेपणाने बोलून घ्यायला हवा.

सहाच महिने का

यकृताच्या कर्करोगाची गाठ आकारमानाने दुप्पट व्हायला सरासरी चार ते सहा महिने लागतात, अर्थात काही गाठी याहून बऱ्याच वेगाने तर काही फार सावकाश वाढतात. एका तपासणीत निसटलेली छोटी गाठ पुढच्या तपासणीपर्यंत दिसण्याइतकी मोठी व्हावी, पण उपचाराच्या पलीकडे जाऊ नये, या हिशेबाने सहा महिन्यांचे अंतर ठरले आहे. शांघायमध्ये १९९३ पासून हिपॅटायटिस बीची लागण किंवा दीर्घकाळच्या हिपॅटायटिसचा पूर्वेतिहास असलेल्या १८,८१६ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातील एका गटाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी नावाची (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारे एक प्रथिन मोजणारी) रक्ततपासणी केली गेली, तर दुसऱ्या गटाची अशी नियमित तपासणी झाली नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी होते, आणि तेही ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्क्यांहून कमी प्रत्यक्षात पार पडल्या असताना. दर तीन महिन्यांनी तपासणी केली तर आणखी फायदा होईल का, हेही फ्रान्समधील एका अभ्यासात पाहिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अधिक छोट्या गाठी तेवढ्या सापडल्या, पण उपचार करण्याजोग्या कर्करोगांचे प्रमाण वाढले नाही. तेव्हा घाईही नको आणि दिरंगाईही नको.

अंतर पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे वर्षातले दोन महिने ठरवून टाकणे, उदाहरणार्थ जानेवारी आणि जुलै, आणि शक्यतो प्रत्येक वेळी त्याच केंद्रावर, त्याच डॉक्टरांकडे जाणे. सोनोग्राफीत करणाऱ्याच्या हाताला आणि नजरेला फार महत्त्व असते. ज्या डॉक्टरांनी तुमचे यकृत सहा महिन्यांपूर्वी पाहिले आहे, त्यांना आजचा बदल लवकर जाणवतो.

जाण्यापूर्वीची तयारी

पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशीपोटी जावे, असे सांगितले जाते, ते दोन कारणांसाठी. खाल्ल्यानंतर पित्ताशय आकुंचन पावते आणि नीट दिसत नाही, शिवाय जठर आणि आतड्यांत हवा साठते. ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. यकृताचा डावा भाग जठराला लागूनच असल्यामुळे पोटात गॅस असला की तो भाग झाकला जाऊ शकतो. म्हणून सकाळची वेळ घ्यावी, रात्री हलके जेवावे, सकाळचा चहा तपासणीनंतर प्यावा. रक्तदाबाची किंवा इतर नेहमीची गोळी घोटभर पाण्यासोबत घेण्यास हरकत नसते. मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र इन्सुलिन किंवा साखरेची गोळी उपाशीपोटी परस्पर घेऊ नये. त्याविषयी आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे आणि केंद्रावर सांगून पहिला नंबर मागून घ्यावा.

उपाशी राहण्याइतकीच महत्त्वाची, पण हमखास राहून जाणारी तयारी म्हणजे कागदांची. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर केवळ ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढेच लिहिले, तर तपासणारा डॉक्टर मूतखड्यापासून अपेंडिक्सपर्यंत सर्वच गोष्टींकडे सारखेच लक्ष देतो. त्याऐवजी ‘हिपॅटायटिस बीमुळे सिऱ्होसिस, यकृतातील गाठीसाठी सहामाही तपासणी’ असे एक वाक्य लिहिले तर त्याची सगळी नजर यकृतावर केंद्रित होते. सोबत मागचे सर्व रिपोर्ट, फिल्म किंवा छापील चित्रे, पूर्वी सीटी किंवा एमआरआय झाले असेल तर त्याची सीडी, आणि एएफपीचे जुने आकडे तारखांसह न्यावेत. एका फायलीत तारखेनुसार लावलेले हे कागद नव्या यंत्राहून अधिक उपयोगी पडतात, असे मला मनापासून वाटते. मागच्या वेळी यकृताच्या अमुक भागात आठ मिलिमीटरचा ठिपका होता हे माहीत असलेला डॉक्टर तिथेच थांबून शोधतो. ज्याला ते ठाऊक नसते त्याच्या नजरेतून तो सहज सुटू शकतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे नातेवाईक कधी कधी घरी येऊन सोनोग्राफी करण्याची विनंती करतात. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली झालेल्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी असते आणि ते नोंदणी झालेल्या जागेबाहेर सहसा नेता येत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी नकार दिला तर तो अडेलतट्टूपणा समजू नये.

तपासणीच्या खोलीत काय व्हायला हवे

पोटाच्या सोनोग्राफीसाठी बाहेरच्या बाजूने गोलाकार असलेला, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून फिरवायचे ध्वनीचे उपकरण, वापरतात. वारंवारता जितकी जास्त तितके चित्र बारीक तपशिलाचे, पण ध्वनी तितका खोल पोहोचत नाही. म्हणून सडपातळ माणसाला वरची आणि स्थूल माणसाला खालची वारंवारता निवडावी लागते. प्रोबमधून निघणारा ध्वनीचा पडदा केवळ काही मिलिमीटर जाड असतो. अंधाऱ्या गोदामात अरुंद झोताची विजेरी घेऊन एखादी वस्तू शोधावी, तसे यकृत त्या पातळ पडद्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून काढावे लागते. यकृतावर प्रोब टेकवून चार चित्रे काढली म्हणजे यकृत पाहून झाले असे नाही.

चांगल्या तपासणीत प्रोब आधी छातीच्या मधल्या हाडाखाली पोटावर ठेवून डावा भाग उभा आणि आडवा असा दोन्ही दिशांनी पाहिला जातो, मग उजव्या बरगड्यांच्या कडेखालून प्रोब वर खांद्याच्या दिशेने झुकवून उजवा भाग, आणि त्यानंतर बरगड्यांच्या फटींमधून एकेक फट घेत उरलेला भाग. यकृताचे आठ भाग मानण्याची फ्रेंच शल्यविशारद क्लोद कुइनो यांची पद्धत आज जगभर वापरली जाते. रिपोर्टमध्ये ‘सेगमेंट ७’ असे लिहिलेले असते ते याच पद्धतीनुसार. प्रत्येक भाग किमान दोन दिशांनी पाहिला गेला तर त्या तपासणीवर विसंबता येते.

रुग्णाचा सहभाग सर्वाधिक लागतो तो श्वासाच्या बाबतीत. यकृताचा वरचा घुमट, म्हणजे सातवा आणि आठवा भाग, फुप्फुसाच्या खाली आणि बरगड्यांच्या आड असतो. हाडातून ध्वनी जात नाही, हवेतूनही जात नाही. डॉक्टर ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणतात तेव्हा श्वासपटल खाली सरकते आणि त्याबरोबर यकृतही दोन-चार सेंटिमीटर खाली येते. पडद्यावर तोवर जिथे फुप्फुसाची राखाडी सावली होती तिथे घुमटाची वक्र पांढरी रेघ सरकत येते, तिच्या आतला राखाडी पोत उघडा पडतो, आणि त्या पोतात बारा मिलिमीटरचा एखादा काळसर गोल क्षणभर दिसून श्वास सुटताच पुन्हा सावलीआड जातो. तो गोल खरा आहे की रक्तवाहिनीचा आडवा छेद, हे ठरवण्यासाठी डॉक्टर श्वास पुन्हा धरायला लावतात, प्रोब काटकोनात फिरवतात, डॉपलर सुरू करून त्यात रक्त वाहते का ते पाहतात. रक्तवाहिनी असेल तर गोल लांबट होऊन नळीसारखा दिसू लागतो, गाठ असेल तर गोलच राहते. पाच-सहा वेळा श्वास धरायला लावणाऱ्या डॉक्टरांचा कंटाळा करू नये. काही जणांचे यकृत मोठ्या श्वासाने उलट फुप्फुसाआड जाते, तेव्हा ‘श्वास सोडा आणि थांबा’ असेही सांगितले जाते.

यानंतर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून उजवा हात डोक्यावर ठेवायला सांगावे. या स्थितीत यकृत गुरुत्वाने पुढे आणि खाली येते, बरगड्यांमधल्या फटी रुंदावतात आणि घुमट व मागचा भाग खुला होतो. केवळ उताणे झोपवून केलेली यकृताची तपासणी अपुरी समजावी. घुमट, डाव्या भागाचे अगदी बाहेरचे टोक, उजव्या भागाचे मूत्रपिंडाजवळचे खालचे टोक आणि मोठ्या शिरेभोवतीचा कॉडेट भाग, या चार जागी गाठी सर्वाधिक निसटतात.

गाठ दिसो वा न दिसो, आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी पोर्टल शीर डॉपलरने पाहिलीच पाहिजे. यकृताचा कर्करोग या शिरेत शिरण्याची प्रवृत्ती दाखवतो आणि कधी कधी मूळ गाठ आजूबाजूच्या खडबडीत पोतात मिसळून गेलेली असताना शिरेतली नवी गुठळी हीच पहिली खूण ठरते. त्याशिवाय प्लीहेचा आकार, पोटातले पाणी आणि यकृताच्या कडेचा खडबडीतपणा यांची नोंद व्हायला हवी. सिऱ्होसिस असलेल्या यकृताची अशी तपासणी दोन-तीन मिनिटांत होत नाही.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक गाठ कर्करोग नसते

पाण्याची साधी गाठ, म्हणजे सिस्ट, पूर्ण काळी दिसते, तिची कड पातळ असते आणि तिच्या मागचा भाग उजळ दिसतो, कारण पाण्यातून ध्वनी क्षीण न होता पुढे जातो. तिला काही करावे लागत नाही. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या संपर्कातून होणाऱ्या हायडॅटिड रोगातही पाण्याचीच गाठ होते, पण तिच्यात पदर सुटलेले किंवा आत लहान गाठी भरलेल्या दिसतात. तिला ओळख पटण्यापूर्वी सुई लावू नये. थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे अशी तक्रार असेल तर आपल्याकडे अमिबामुळे होणाऱ्या यकृतातील गळवाचा विचार आधी करावा लागतो. हे गळू सुरुवातीच्या दिवसांत घट्ट गाठीसारखेच दिसते आणि नुसते चित्र पाहून फसगत होऊ शकते, म्हणून रुग्णाने तापाची हकिगत डॉक्टरांना सांगणे अत्यंत आवश्यक आहे.

सर्वाधिक आढळणारी निरुपद्रवी घट्ट गाठ म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांचा पुंजका. ती शुभ्र, रेखीव कडेची आणि बहुधा तीन सेंटिमीटरहून लहान असते. यकृत निरोगी असेल, पूर्वी कुठलाही कर्करोग झालेला नसेल आणि गाठ अगदी नमुनेदार दिसत असेल, तर काही महिन्यांनी एकदा फेरतपासणी करून ती सोडून देता येते. परंतु हीच शुभ्र गाठ सिऱ्होसिस असलेल्या यकृतात नव्याने दिसली तर ‘हिमँजिओमा असेल’ म्हणून सोडू नये. चरबीचा अंश असलेला छोटा कर्करोगही असाच शुभ्र दिसतो. माझ्या मते या संपूर्ण विषयातली ही सर्वांत महाग पडणारी गफलत आहे आणि ती टाळण्यासाठीच चिठ्ठीवर सिऱ्होसिसचा उल्लेख हवा.

फॅटी लिव्हरमध्ये आणखी एक फसवे चित्र दिसते. सगळे यकृत चरबीने उजळलेले असताना पित्ताशयाजवळचा एखादा पट्टा चरबीविना राहतो आणि काळसर गाठीसारखा भासतो. त्याची कड कोनाकोनाची असते, तो आजूबाजूला काही ढकलत नाही आणि रक्तवाहिन्या त्यातून सरळ जातात. गाठ असेल तर वाहिन्या वाकतात किंवा दबतात.

दुसऱ्या अवयवातून, म्हणजे मोठे आतडे, जठर, स्वादुपिंड, स्तन किंवा फुप्फुसातून, पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी अनेकदा एकाहून अधिक असतात आणि मध्ये उजळ, भोवती काळे कडे अशा दिसतात. यकृताचा स्वतःचा कर्करोग लहान असताना बहुधा काळसर गोल असतो. तो वाढला की आत वेगवेगळ्या छटांचे तुकडे दिसतात, भोवती पातळ काळी कड येते आणि डॉपलरवर आत रक्तप्रवाह दिसतो. तरीही साध्या सोनोग्राफीवरून कर्करोगाचे निश्चित निदान करू नये. तिचे काम संशयित जागा दाखवून देण्याचे आहे.

रिपोर्ट कसा वाचावा

‘यकृतात एसओएल (म्हणजे गाठीसारखे काही) नाही’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने अशा नियमित तपासणीसाठी लाय-रॅड्स नावाची पद्धत तयार केली आहे, ती समजायला सोपी आहे. काहीच संशयास्पद नाही, किंवा निश्चितपणे निरुपद्रवी गोष्ट दिसली, तर यूएस-१, आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी. दहा मिलिमीटरहून लहान संशयित ठिपका असेल तर यूएस-२, आणि तीन ते सहा महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी. इतक्या लहान ठिपक्याचे सीटीवरही नेमके निदान होत नाही आणि त्यातले बरेच पुढे वाढतही नाहीत, म्हणून इथे धीर धरणे हाच योग्य उपाय आहे. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, निरुपद्रवी असल्याची खात्री नसलेली गाठ, अथवा शिरेत नवी गुठळी असेल तर यूएस-३. मग वाट न पाहता पुढची तपासणी करावी.

याच पद्धतीत दुसरी एक नोंद असते, तिच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. यकृत किती चांगले दिसले याला ए, बी किंवा सी असा दर्जा द्यायचा असतो. ए म्हणजे जवळजवळ सगळे नीट दिसले, बी म्हणजे काही अडथळ्यांमुळे छोट्या गाठी निसटू शकतात, आणि सी म्हणजे इतके कमी दिसले की तपासणीवर विसंबणे कठीण आहे. स्थूलपणा, दाट चरबी, पोटातला गॅस, श्वास धरता न येणे, यकृत आक्रसून बरगड्यांच्या फार आत जाणे ही त्याची कारणे. रिपोर्टमध्ये हा दर्जा नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘डॉक्टर, यकृत पूर्ण दिसले का? कुठला भाग राहिला?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. दर्जा सी असेल तर गॅस कमी करून, चांगल्या उपाशीपोटी, तीन महिन्यांच्या आत पुन्हा प्रयत्न करता येतो. कारण बदलण्यासारखे नसेल, तर पुढील नियमित तपासणी एमआरआय किंवा सीटीने करण्याचा विचार व्हावा. न दिसलेल्या यकृताला ‘नॉर्मल’ म्हणणारा रिपोर्ट रुग्णाला खोटा दिलासा देतो.

सोनोग्राफीच्या मर्यादेचा आकडाही लपवू नये. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, सिऱ्होसिसच्या रुग्णांमधील सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगांपैकी केवळ सोनोग्राफीने ४७ टक्के, तर सोनोग्राफीला एएफपीची जोड दिल्यावर ६३ टक्के ओळखले गेले, असे दिसून आले. म्हणून दोन्ही तपासण्या बरोबरच कराव्यात. एएफपी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून अधिक असेल, किंवा त्याखाली असूनही दर वेळी चढत असेल, तर सोनोग्राफी स्वच्छ असली तरी सीटी किंवा एमआरआय करून घ्यावा. उलट एएफपी सामान्य आहे म्हणून सोनोग्राफीत दिसलेली गाठ दुर्लक्षू नये, कारण अनेक छोट्या गाठींत हा आकडा वाढतच नाही.

गाठ दिसली तर पुढे

यकृताला सुमारे पाऊण रक्त पोर्टल शिरेतून आणि पाव रक्त धमनीतून मिळते, पण कर्करोगाची गाठ जवळजवळ सगळे रक्त धमनीतून ओढते. पुढच्या सर्व तपासण्या या फरकावर उभ्या आहेत. शिरेतून औषध देऊन वेगवेगळ्या क्षणी चित्रे घेणाऱ्या सीटीला आपल्याकडे ट्रायफेजिक सीटी म्हणतात. त्यात गाठ धमनीच्या टप्प्यात उजळते आणि नंतर आजूबाजूच्या यकृताहून फिकी पडते. सिऱ्होसिसच्या रुग्णात हे चित्र नमुनेदार असेल तर सुईने तुकडा काढण्याचीही गरज उरत नाही. पोटाची साधी, एकाच टप्प्याची सीटी या कामासाठी पुरेशी नसते. चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहून घ्यावे.

मूत्रपिंड कमजोर असल्याने सीटीचे औषध देता येत नसेल, तर मोठ्या केंद्रांत काँट्रास्ट सोनोग्राफीचा पर्याय आहे. तीत वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात. ते लाल रक्तपेशींहून मोठे नसतात, रक्तवाहिन्यांबाहेर पडत नाहीत, आणि त्यांतला वायू काही मिनिटांत फुप्फुसांवाटे श्वासातून निघून जातो, त्यामुळे मूत्रपिंडावर भार पडत नाही. डॉक्टर एका जागी प्रोब धरून चार ते सहा मिनिटे सलग पाहतात. यकृताचा कर्करोग पहिल्या अर्ध्या मिनिटात उजळतो आणि साधारण एक मिनिट उलटल्यावर हळूहळू, थोडासाच, फिका होतो. इतर अवयवांतून पसरलेली गाठ कडेने उजळते आणि मिनिटाच्या आतच ठळकपणे काळी पडते. हिमँजिओमा कडेकडून थेंबाथेंबाने आत भरत जातो. मात्र या पद्धतीने एका वेळी एकच गाठ नीट पाहता येते, संपूर्ण यकृत नव्हे. म्हणून नवीन गाठी शोधण्यासाठी ती वापरू नये.

निदान पक्के झाल्यावर कागद घेऊन यकृताच्या तज्ज्ञांकडे जावे, आणि शक्य असेल तर जिथे शल्यविशारद, प्रत्यारोपण करणारे आणि इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट (चित्रे पाहत सुई किंवा नळीने उपचार करणारे डॉक्टर) एकत्र बसून निर्णय घेतात अशा रुग्णालयात. एकच गाठ असून ती पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी असून प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत असेल, तर प्रत्यारोपणानंतर निकाल चांगले मिळतात, हे १९९६ मध्ये इटलीतील मिलान येथून मांडले गेले आणि ते निकष आजही आधारभूत मानले जातात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सोनोग्राफीच्याच मार्गदर्शनाखाली सुई नेऊन उष्णतेने जाळता येतात.

जाळण्याच्या उपचारानंतर पहिली पाहणी साधारण महिन्याभराने सीटी किंवा एमआरआयने करतात, आणि पुढची दोन वर्षे सुमारे दर तीन महिन्यांनी. या काळात केवळ सोनोग्राफीवर राहू नये, कारण जाळलेली जागा सोनोग्राफीत कधी काळसर, कधी मिश्र छटांच्या गाठीसारखी दिसते आणि तिच्या कडेला पुन्हा वाढलेला अंश ओळखणे जवळजवळ अशक्य असते. इतर कारणासाठी सोनोग्राफी करावी लागली, तर उपचाराची तारीख, यकृताचा कितवा भाग आणि गाठीचे त्या वेळचे माप लिहिलेले डिस्चार्ज कार्ड तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाती तपासणीपूर्वी द्यावे, म्हणजे जुनी जागा नवीन गाठ म्हणून नोंदली जाणार नाही आणि खरोखर नवीन असलेली गाठ जुनी म्हणून सोडली जाणार नाही.